बार्शी लाईटची इंग्लंडमधली धाकटी बहीण आणि सायकलींसाठी राखलेली वाट

मी मूळचा कुर्डुवाडीचा. माझे आजोबा तिथल्या रेल्वे कारखान्यात फिटर होते आणि आषाढीच्या दिवसांत बार्शी लाईट या अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेच्या डब्यांच्या टपावरही वारकरी बसलेले असत, हे मी त्यांच्या तोंडून लहानपणी अनेकदा ऐकले आहे. गेली काही वर्षे मी इंग्लंडमध्ये डर्बी येथे राहतो आणि सुट्टीच्या दिवशी जवळच्या पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागात सायकल घेऊन जातो. तिथे मोटारींना बंदी असलेल्या ज्या वाटा आहेत, त्यांच्याविषयी बरेच दिवस सविस्तर लिहायचे होते. कारण त्यांपैकी एका वाटेचे आपल्या बार्शीशी थेट नाते आहे आणि ते आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता 1882 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत भारतात आला. कमी खर्चाची, अडीच फूट रुंदीची आणि तरीही भरपूर माल वाहू शकणारी रेल्वे बांधता येते, हे सिद्ध करण्याचा त्याने ध्यास घेतला. त्यातून 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी ही लाईट रेल्वे सुरू झाली. त्यानंतर सात वर्षांनी, जून 1904 मध्ये, त्याच अडीच फुटी रुळांवर आणि त्याच अभियंत्याच्या देखरेखीखाली स्टॅफर्डशायर परगण्यातल्या मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे धावू लागली. तिची इंजिने बार्शीच्या इंजिनांप्रमाणेच लीड्सच्या किटसन कारखान्यात घडवलेली होती आणि त्यांच्या पुढच्या बाजूला हिंदुस्थानी धाटणीचे मोठे दिवे बसवलेले होते. जुन्या छायाचित्रात ते इंजिन मी प्रथम पाहिले तेव्हा घरातल्या माणसाचा चेहरा परक्या गावात अचानक समोर यावा तसे मला झाले.

दोघी बहिणींचे पुढचे आयुष्य मात्र फार वेगळे ठरले. बार्शी लाईट पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत वाढली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर होऊन आजही ती माणसांच्या कामी येते. मॅनिफोल्डची गाडी वाटेवरच्या गावांपासून दूर, खोल दरीतून जात असे. दुधाची वाहतूक सोडली तर तिला फारसे उत्पन्न नव्हते आणि 1934 मध्ये ती बंद पडली. त्यानंतर जे घडले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. रूळ उखडले गेले, परंतु रेल्वे कंपनीने ती जमीन तुकड्यातुकड्यांनी विकून न टाकता सलग पट्टीच्या रूपात परगण्याच्या कौन्सिलकडे सोपवली आणि 1937 मध्ये वॉटरहाउसेस ते हल्म एंड ही सुमारे 13 किलोमीटरची वाट पायी चालणाऱ्यांसाठी खुली झाली. आज तिच्यावर डांबर आहे आणि लहान मुले, चाकाच्या खुर्चीतील माणसे आणि सामानाच्या पिशव्या लादलेले सायकलस्वार असे सगळेच तिच्यावरून जातात.

डोंगराळ मुलखात सायकलने लांबचा प्रवास करणाऱ्याला जुन्या रेल्वेमार्गाचे मोल का वाटते, हे एकदा चढ चढल्याशिवाय नीट कळत नाही. इथले गावरस्ते अरुंद आहेत, दोन्ही बाजूंना दगडी गडग्यांच्या भिंती आहेत, वळणापलीकडचे काही दिसत नाही आणि वेगळा फलक नसेल तर अशा रस्त्यावरही मोटारीला ताशी 60 मैल, म्हणजे जवळजवळ 97 किलोमीटर वेगाची कायदेशीर मुभा आहे. चढाने दम लागून सायकल संथ झालेली असते, नेमकी त्याच वेळी मागून मोटार येते. वाफेच्या इंजिनाला मात्र तीव्र चढ झेपत नसे. म्हणून अभियंत्यांनी दरीत भराव घातले, टेकड्या कापल्या, बोगदे खोदले, पूल बांधले आणि डोंगरातून एक सौम्य रेषा काढली. त्या काळी इंजिनासाठी केलेला हा खर्च आज गुडघ्यांच्या कामी येतो. अशी रेषा नव्याने काढण्यासाठी आज कोणतेही सरकार केवळ सायकलींकरिता पैसा देणार नाही. म्हणून जी आहे ती जपणे एवढेच आपल्या हाती उरते.

सौम्य चढाच्या या रीतीला एक अपवाद आहे. क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे 1830 च्या सुमारास कालव्यांना जोडण्यासाठी बांधली गेली, तेव्हा इंजिनांवर पुरता भरवसा नव्हता. म्हणून तीव्र उतारांवर वरच्या टोकाला स्थिर वाफयंत्र बसवून त्याच्या दोराने डबे ओढले जात. मिडलटन येथील तो चढ आठास एक, म्हणजे आठ फुटांमागे एक फूट, इतका आहे आणि त्याच्या माथ्यावरचे 1829 चे वाफयंत्र आजही जतन केलेले आहे. त्या चढावर मी सायकल हातात धरून चालतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. ही वाट आता हाय पीक ट्रेल म्हणून ओळखली जाते. पार्सली हे येथे तिला अ‍ॅशबोर्नहून येणारी 21 किलोमीटरची टिसिंग्टन ट्रेल मिळते. दोन्ही वाटा 1971 मध्ये खुल्या झाल्या. बारीक चुनखडीच्या पृष्ठभागामुळे पावसात पांढरा चिखल उडतो, पण चाक घसरत नाही, आणि अ‍ॅशबोर्नहून सलग चढ असूनही तो इतका संथ आहे की वर पोहोचल्यावर सभोवतालचे पठार पाहूनच आपण किती उंच आलो ते ध्यानात येते.

मॉन्सल ट्रेलवर मात्र मी सर्वांत अधिक वेळा गेलो आहे. मिडलँड रेल्वेने 1863 मध्ये वाय नदीच्या दरीतून ही लोहमार्गाची वाट काढली, तेव्हा या दरीचे सौंदर्य नष्ट झाले म्हणून इंग्रज लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी कठोर शब्दांत निषेध केला होता. आज याच मार्गावरचा हेडस्टोनचा पूल संरक्षित वास्तू आहे आणि लोक तो पाहण्यासाठी मुद्दाम येतात. गाड्या 1968 मध्ये थांबल्या आणि 1981 मध्ये वाट खुली झाली. परंतु बोगदे बंदच ठेवलेले होते, त्यामुळे प्रत्येक बोगद्यापाशी डोंगराला वळसा घालून चिखलाच्या, पायऱ्यांच्या पायवाटेने जावे लागे. सायकलस्वाराच्या दृष्टीने ती वाट त्या तीस वर्षांत वाट नव्हतीच. मे 2011 मध्ये बोगद्यांत दिवे लावून ते खुले केले गेले आणि सुमारे 14 किलोमीटरचा सलग मार्ग तयार झाला. हेडस्टोनच्या बोगद्यात भर उन्हाळ्यातही थंड हवा अंगावर येते, भिंतींवरून पाणी ठिबकत असते, आणि जवळजवळ अर्धा किलोमीटर अंधुक प्रकाशातून गेल्यावर एकदम पुलावर, उन्हात आणि दरीच्या वर आपण बाहेर पडतो. सहा वर्षांची मुले आपापल्या सायकलवरून हा अनुभव घेताना मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांच्या चेहऱ्यावर रस्त्यावर असते ती धास्ती नसते.

माझे म्हणणे नेमके इथेच आहे. मोटारींपासून मुक्त असलेल्या वाटेची किंमत तिच्या एकूण लांबीवरून करू नये. ती किती अखंड आहे यावरून करावी. मॉन्सल ट्रेल पश्चिमेला ब्लॅकवेल मिल येथे संपते आणि तिथून बक्स्टन हे मोठे गाव अवघ्या काही किलोमीटरवर असूनही पुढे ए-6 या वाहत्या महामार्गाशी गाठ पडते. पूर्वेला बेकवेलपाशीही हीच स्थिती आहे. या वाटा एकमेकींना जोडून मोठे वर्तुळ पूर्ण करण्याची योजना बऱ्याच वर्षांपासून आहे आणि तिचे काही भाग झालेही आहेत. परंतु उरलेले दुवे जुळत नाहीत तोवर बहुतेक कुटुंबे मोटारीच्या मागे सायकली बांधून इथपर्यंत येतात आणि तशीच परत जातात. वाहनमुक्त वाटेवर पोहोचण्यासाठी वाहन लागावे, ही खंत मला दर वेळी वाटते.

मॉन्सलचा मार्ग पुन्हा रेल्वेसाठी वापरावा, अशी मागणीही इथे सतत होते. बार्शी लाईटच्या गावचा माणूस म्हणून मला ती मागणी थट्टेवारी नेता येत नाही. आमची गाडी जिवंत राहिली म्हणून किती मुलांना कॉलेज आणि किती आजाऱ्यांना सोलापूर गाठता आले, हे मला माहीत आहे. तरीही गाडी परत आणायची असेल तर सायकलींसाठी तितकीच सौम्य आणि सलग वाट आधी बांधून द्यावी, मगच रूळ टाकावेत, असे मला ठामपणे वाटते.

आपल्याकडेही हा विचार व्हायला हवा. बार्शी लाईटचा जुना मार्ग येडशीहून लातूरच्या दिशेने जात असे. ब्रॉडगेज करताना तो धाराशिव शहरामार्गे वळवण्यात आला आणि त्यामुळे जुन्या वाटेचा एक तुकडा गाड्यांच्या वापरातून सुटला. येडशीला बालाघाटाचे डोंगर आहेत, रामलिंग घाटाचे अभयारण्य आहे. अशा सुटलेल्या पट्ट्यांची मोजणी करून, अतिक्रमण होण्यापूर्वी त्या सलग राखल्या, तर पुढच्या पिढीला तिथे शाळेत जाण्याची किंवा हिंडण्याची वाट करता येईल. डांबर, दिवे, फलक हे सगळे नंतरही होऊ शकते. तुटलेली जमीन परत जोडणे मात्र फार अवघड असते.

येत्या ऑगस्टमध्ये माझे वडील इथे येणार आहेत. ते आता सत्तरीचे आहेत आणि त्यांना मॅनिफोल्डची वाट सायकलने पाहायची आहे. त्या वाटेवर वेटन मिलच्या परिसरात स्वेन्सलीच्या बोगद्यापर्यंतचे दोन-अडीच किलोमीटर मोटारींनाही खुले आहेत आणि बोगद्यात समोरून मोटार आली तर बाजूला व्हायला जागा पुरत नाही. त्यामुळे आम्ही वॉटरहाउसेसहून निघून थॉर्स केव्हची गुहा खालून पाहू आणि मोटारींचा टप्पा सुरू होण्याआधी मागे फिरू. हल्म एंडचे जुने स्थानक, जिथे बार्शीच्या इंजिनांच्या बहिणी उभ्या राहत, ते त्यांना दुसऱ्या दिवशी मोटारीने नेऊन दाखवावे लागेल.