मावशीच्या बीपीच्या गोळ्या आणि ‘४० हर्ट्झ’ची पृथ्वी

परवा मावशीकडे गेले, तर बीपीच्या गोळ्यांच्या दोन स्ट्रिप्स कपाटात पडलेल्या. एकीतल्या तीन गोळ्या फोडलेल्या, दुसरी कोरी. विचारलं तर म्हणाली, “अगं, हा आजार नाही. शरीर वरच्या पातळीवर चाललंय.” आणि मोबाइल पुढे केला.

तो मेसेज तुम्हालाही आला असेल. पृथ्वीचं स्पंदन ७.८३ हर्ट्झवरून (म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं) ४० वर गेलंय, त्यामुळे साऱ्या मानवजातीची चेतना उंचावतेय. धडधड, चक्कर, झोप उडणं ही जागृतीची लक्षणं, ती औषधांनी दाबू नका. ठरावीक लोक जागे झाले की बाकीचे आपोआप होतील, माकडांवर सिद्ध झालंय.

आधी औषधांचं, कारण यात जीव जाऊ शकतो. बीपी वाढलेलं बहुतेकांना जाणवतच नाही, त्यामुळे “गोळी सोडून बरं वाटतंय” याला अर्थ नाही. उलट काही गोळ्या एकदम बंद केल्या तर बीपी उसळतं, छाती धडधडते. म्हणजे गोळी सोडल्यामुळे होणारा त्रासच जागृतीचा पुरावा ठरतो आणि माणूस आणखी हट्टाने गोळी टाळतो. मी मोजलं तेव्हा मावशीचं वरचं बीपी १८० होतं. हे लिहिणाऱ्याने तिला एकदा तरी पाहिलंय का?

आता ते ४० हर्ट्झ. जगभर सतत विजा चमकत असतात. त्यांच्या लहरी जमीन आणि वरचा आयनांबर (वातावरणातला विद्युतभारित थर) यांच्यामधल्या पोकळीत घुमतात. मेसेजमधलं ‘पृथ्वीचं स्पंदन’ ते हेच. जर्मन शास्त्रज्ञ शुमान यांनी १९५२ मध्ये याचं गणित मांडलं. ढोबळ हिशेब कुणालाही जमेल: प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, पृथ्वीचा घेर ४० हजार. भागाकार साडेसात, म्हणजे ७.८३ च्या जवळपासच. हा मूळ सूर ४० वर न्यायचा तर घेर साडेसात हजारांवर यायला हवा. चंद्राचाच घेर जवळपास ११ हजार आहे! ४० च्या आसपास एक वरचा सूर असतो, हे खरं. पण तो कायमच होता.

माकडांची गोष्ट जपानच्या कोशिमा बेटावरची. १९५३ मध्ये एक लहान माकडीण रताळं धुऊन खाऊ लागली, इथवर खरं. शंभरावं माकड शिकलं आणि दूरच्या बेटांवरही सगळी एकदम धुऊ लागली, ही भर नंतरची. १९८५ मध्ये तत्त्वज्ञानाचे अमेरिकन प्राध्यापक रॉन अमंडसन यांनी मूळ संशोधकांचे अहवाल काढून तपासले. कळपात शंभर माकडंच नव्हती. सवय पसरली ती सवंगड्यांत आणि आईकडून पिलांकडे, बघून बघून, कित्येक वर्षांत. थोराड नर तर बहुतेक शिकलेच नाहीत.

ध्यानाने चिंता थोडी कमी होते, हे मान्य. मीही करते. पण ते गोळीसोबत.

आणि जग बदलेल ही आशा मलाही मावशीइतकीच आहे. १६ ऑगस्ट १९८७ ला ग्रह जुळले, नवं युग आलं म्हणून जगभर लोक ध्यानाला जमले होते. बरोबर महिन्याने, १६ सप्टेंबरला, मॉन्ट्रियलमध्ये २४ देशांनी ओझोनचा थर खाणाऱ्या रसायनांवर बंधनं घालणाऱ्या करारावर सह्या केल्या. पुढे सगळे देश त्यात आले, फ्रिजमधला वायू बदलला, थर हळूहळू भरून येतोय. त्यामागे वर्षानुवर्षांची मोजमापं आणि वाटाघाटी होत्या.

मावशीने गोळी परत सुरू केलीय. ज्यांनी तिला हा मेसेज पाठवला, त्यांनी औषधांची ती ओळ खोटी आहे, एवढं त्याच ग्रुपवर आजच लिहावं.