चाळीसपैकी नऊ

मला चाळीसपैकी नऊ गुण मिळाले आणि आमच्या सिंकचा पाईप बदलायला आलेल्या प्लंबरला एकतीस. विषय : आदर्श माता. परीक्षक : नवऱ्याच्या मामी.

माळा आवरताना सापडलेला जुन्या मासिकांचा गठ्ठा मामी खास माझ्यासाठी घेऊन आल्या होत्या. "तुला वाचायची आवड आहे ना!" त्यातल्या एका अंकाचं मुखपृष्ठ वाळवीने फस्त केलेलं, त्यामुळे नाव नाही, साल नाही. मधली प्रश्नावली मात्र धडधाकट. वाळवीलाही पचली नसावी. 'आपण आदर्श माता आहात काय?' प्रश्न वीस, प्रत्येकी गुण दोन. शेजारच्या पानावर डोंगरे बालामृताच्या जाहिरातीतलं गुटगुटीत बाळ; मनगट असं त्याला नव्हतंच, नुसत्या वळ्या.

मी कणीक मळत होते. प्लंबर ओट्याखाली डोकं घालून पडला होता, त्याचे फक्त पाय दिसत होते. मामींनी चष्मा लावला.

"मूल झोपेतून उठते तेव्हा आपली मुद्रा प्रसन्न असते काय?"

"सकाळी सहाला?"

"वेळ नाही दिलेली. शून्य."

"माझी असते," ओट्याखालून आवाज आला.

मामींनी खाली वाकून पाहिलं. पाय शांत होते. मामींनी पुढचा प्रश्न घेतला. "मुलांची नखे वेळच्या वेळी कापता काय?"

"शाळेतून चिठ्ठी आली की..." मी सुरुवात केली.

"रविवारी," ओट्याखालून. "आंघोळ झाल्यावर कापायची, आजी. मऊ पडतात. पोरं रडत नाहीत."

मामींनी पेन्सिल घेतली आणि समासात दुसरा रकाना आखला. इथून पुढे माझ्याच स्वयंपाकघरात माझी उपांत्य फेरी सुरू झाली.

"मुलांवर रागावण्यापूर्वी मनात दहा आकडे मोजता काय?"

"मोजते. पण मोठ्याने."

"एक गुण. तुम्ही हो?"

"मी सरळ खाली टपरीवर जातो, आजी. चहा मारून आलो की राग गेलेला असतो."

"दोन!"

मी हरकत घेतली. म्हटलं, मामी, पोरं बोंबलत असताना मी अशी टपरीवर निघून गेले तर? मामींनी माझ्याकडे पाहिलं. "तू? टपरीवर?" आणि मघाशी दिलेला एक गुण खोडला.

पण कळस झाला तो तेराव्या प्रश्नावर. पतिराज दमूनभागून घरी येतात तेव्हा मुले स्वच्छ कपड्यांत, हसतमुखाने त्यांना सामोरी जातील अशी व्यवस्था आपण करता काय? आमचे पतिराज माझ्या दोन तास आधी घरी येतात आणि मुलांना सामोरा जातो तो टीव्ही. मला अर्थातच शून्य. ओट्याखाली मात्र शांतता. मग प्लंबर पाना हातात घेऊन पहिल्यांदाच सबंध बाहेर आला. "आजी, पतिराज म्हणजे मीच की. याला काय लिहायचं?"

मामींनी क्षणभर विचार केला. "तुम्हांला दोन. दमलेले असताच तुम्ही."

आता न्यायाने बोलायचं तर जुनी मासिकं सगळीच अशी नव्हती. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली 'स्त्री' काढलं, त्यात बायकांचं शिक्षण आणि लग्न यांवर चांगले वाद झडायचे. पुढे त्याच मासिकाच्या संपादक झालेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. र. धों. कर्वे तर १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मध्ये संततिनियमनावर लिहीत होते आणि त्या मासिकापायी कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. इतका ऐवज मराठीत छापला गेलेला असताना माझ्या सासरच्या माळ्यावर नेमकी प्रश्नावलीच का उरावी? कर्व्यांचा एखादा अंक निघाला असता तर मामींनी तो मोठ्याने वाचला असता का, आणि ओट्याखालून काय उत्तर आलं असतं, हा विचार मला हल्ली रात्री सुचतो.

अमेरिकेतल्या बायका माझ्यासारख्या कणीक मळत बसल्या नाहीत. १९७० च्या मार्चमध्ये शंभराच्या आसपास बायका न्यूयॉर्कमध्ये 'लेडीज होम जर्नल'च्या कचेरीत घुसल्या आणि संपादकाच्या खोलीत अकरा तास ठाण मांडून बसल्या. बायकांच्या त्या मासिकाचे संपादक होते जॉन मॅक कार्टर, म्हणजे बुवाच. बायकांचं म्हणणं, संपादक बाई नेमा, कचेरीत पाळणाघर काढा. पदरात काय पडलं, तर ऑगस्टच्या अंकात आठ पानं. तरी बरं. मला तर टपरीवर जायचीही मुभा नाही.

मी गठ्ठा उलटापालटा केला. 'आपण आदर्श पिता आहात काय?' कुठेच नाही. वडील आहेत ते स्वेटरच्या जाहिरातीत, पाईप ओढताना. आणि हसण्यावारी तरी कसं न्यायचं? शाळेच्या फॉर्मवर आम्हां दोघांचे नंबर आहेत, पण पोराला ताप आला की फोन मला, डबा उरला की फोन मला, आणि वर्गाच्या पालकांच्या ग्रुपचं नाव 'मम्मीज'. नवरा वर्षातून एकदा पालकसभेला गेला तर बाई म्हणाल्या, "बाबा आले! कित्ती छान!" मी प्रत्येक वेळी जाते. मला विचारतात, "मागच्या वेळी उशीर झाला होता ना?"

प्लंबरला मामींनी वेलची घालून चहा दिला. त्याने तो प्यायला, एकतीस गुणांचं मनापासून कौतुक करून घेतलं आणि जाता जाता मला धीर दिला. "ताई, मनाला लावून घेऊ नका. आमच्या घरी हे सगळं बायकोच बघते."

"मग नखं?"

"ती पण तीच कापते. मी असतो ना तिथे."

मी मामींकडे पाहिलं. गुण काही कमी झाले नाहीत. उलट संध्याकाळी त्यांनी प्रश्नावलीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली दोन्ही रकान्यांची बेरीज. जावेने लगेच स्वतःचे छत्तीस कळवले. नणंदेने हसून हसून रडणारे तीन चेहरे टाकले. आणि हॉलमध्ये बसलेल्या माझ्या नवऱ्याने त्या निकालाला अंगठा दाखवला. जाब विचारला तर म्हणतो, "अगं, मी फक्त वाचलं एवढंच कळवलं."