पाच गुंठ्यांच्या आतली घरं

साताऱ्यात ‘ग्रीन बिल्डिंग’ म्हटलं की लोक मोठ्या गृहप्रकल्पांच्या फलकाकडे बोट दाखवतात. मला बोलायचंय ते शाहूपुरी, विलासपूरमधल्या दोन-तीन गुंठ्यांतल्या बंगल्यांविषयी. 2020 च्या हद्दवाढीत हा भाग पालिकेत आला आणि शहर आता वाढतंय ते इथेच.

राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत पावसाचं पाणी साठवणं किंवा जिरवणं सक्तीचं आहे, पण 500 चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्लॉटला. म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. आमच्या अख्ख्या गल्लीत एवढा प्लॉट कुणाचाच नाही! हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला जादा एफएसआय, म्हणजे तेवढ्याच प्लॉटवर जास्त बांधकाम करायची परवानगी मिळते. दोन गुंठ्यांत राहायला घर बांधणाऱ्याला ती घेऊन काय करायचंय? त्याला घरपट्टीत सूट द्या, तो उद्या शोषखड्डा खणेल.

हिशोब करून बघा. 1000 चौरस फुटांची गच्ची आणि 10 मिलिमीटर पाऊस, की सव्वानऊशे लिटर पाणी. आषाढात अजिंक्यताऱ्यावर ढग टेकले की एवढा पाऊस एका सकाळीत होतो. आम्ही ते पाइपातून थेट गटारात सोडतो आणि एप्रिलमध्ये टँकरवाल्याला फोन करतो.

माझं लहानपण माची पेठेत गेलं. हातभर रुंद दगडी भिंती, चुन्याचा गिलावा, वर कौलं. मे महिन्यातही दुपारी पंख्याशिवाय झोप लागायची. पेठेत पाणी यायचं कास तलावाचं, डोंगरावरून उताराने. इथे घर बांधताना मी हे सगळं विसरलो. पश्चिमेला मोठ्या काचा घेतल्या, वर छज्जा ठेवला नाही. रात्री अकरा वाजताही ती भिंत हाताला गरम लागते. दोन वर्षांपूर्वी गच्चीला चुना मारला आणि पश्चिमेला बांबूचे पडदे सोडले, तेव्हा कुठे वरच्या खोलीत झोपता येऊ लागलं.

सोलर जरूर बसवा. 3 किलोवॅटला केंद्राचं 78,000 रुपये अनुदान आहे. पण आधी ऊन अडवा. तापलेल्या घरातला एसी चालवायला छतावर पॅनल लावणं मला पटत नाही.

येत्या रविवारी अंगणातले पेव्हिंग ब्लॉक उचकटतोय. कोपऱ्यात शोषखड्डा घेणार आहे, गच्चीचा पाइप जाळी लावून त्यात सोडायचा. ज्यांना बघायचंय त्यांनी सकाळी या. पालिकेला द्यायचा घरपट्टीच्या सवलतीचा अर्जही लिहून ठेवलाय, त्यावर सही करून जा.