"त्या नुसत्या सांभाळतात" म्हणणाऱ्यांसाठी, मुद्द्याला मुद्दा

गेल्या काही दिवसांत एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय की विशेष मुलांच्या वर्गातल्या मदतनीस, म्हणजे ज्यांना कुठे शॅडो टीचर म्हणतात, कुठे असिस्टंट आणि कुठे नुसतंच ताई, त्या काही शिकवत नाहीत, मुलाशेजारी बसून असतात, हे काम कोणीही करू शकतं, उलट त्यांच्यामुळे मुलं मागे पडतात हे संशोधनाने सिद्ध झालंय, आणि शेवटी हे सेवेचं काम आहे तर त्याचं एवढं कौतुक कशाला, पगार वाढवा म्हणून मागणी कशाला. मी विशेष शिक्षिका आहे, अशा ताईंबरोबर रोज काम करते. पाठवणाऱ्यांत एक पालकही होते, ते जास्त लागलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

"बसून असतात" हा पहिला मुद्दा. हो, बसून असतात, कधी कधी मुद्दाम बसून असतात! मुलाला एखादी गोष्ट शिकवायची तर मदतीच्या पायऱ्या असतात, आधी हातावर हात ठेवून करून घ्यायचं, मग नुसता कोपराला स्पर्श, मग बोटाने दाखवायचं, मग फक्त वस्तूकडे बघायचं, आणि शेवटी काहीच न करता थांबायचं. ह्या पायऱ्या वेळेवर उतरल्या नाहीत तर मूल स्वतः करायचंच सोडतं, कोणीतरी कोपराला हात लावेपर्यंत पेन्सिल उचलत नाही. म्हणजे सगळ्यात अवघड पायरी शेवटची. समोर मूल दप्तराच्या चेनशी झगडतंय, तुम्हाला दोन सेकंदांत उघडून देता येईल, वर्ग पुढे निघून चाललाय, आणि तरी हात मांडीवर ठेवून मनात दहापर्यंत मोजायचं. दारातून डोकावणाऱ्याला हे "बसलेलं" दिसतं, आणि चेन उघडते तेव्हा तो तिथे नसतो.

शिवाय बसल्या बसल्या त्यांची वही चालू असते ते कोणाला दिसत नाही. काय घडलं, त्याआधी काय झालं होतं, नंतर काय झालं, असे तीन रकाने. आमच्याकडे एक मुलगा ठराविक वेळेला स्वतःच्या हाताला चावायचा, मला वाटायचं त्याला गणित नकोय, मी गणित सोपं करत बसले, कितीतरी दिवस. ताईंच्या वहीत मात्र दिसत होतं की गणित नसलेल्या दिवशीही तो त्याच वेळेला चावतोय आणि त्याच्या जरा आधी शेजारच्या वर्गात बाकं सरकवली जातात. मग त्या वेळेच्या दोन मिनिटं आधी त्या त्याला पाण्याची बाटली भरायला घेऊन जायला लागल्या. हाताच्या जखमा भरल्या. माझी पदवी आणि माझं प्रशिक्षण वर्गात असूनही हे मला दिसलं नव्हतं, कारण मी फळ्याकडे होते आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या.

"कोणीही करू शकतं." बरं. एखाद्या मुलाला गिळायला त्रास होतो, तर त्याला भरवताना पाठ सरळ, मान मागे गेलेली नको, घास लहान, आणि आधीचा घास खरंच गिळला गेलाय हे बघूनच पुढचा. आवाज ओलसर, घरघरल्यासारखा यायला लागला की थांबायचं, कारण अन्न श्वासनलिकेत गेलं तर त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. फिट आली तर आधी घड्याळ बघायचं, आजूबाजूच्या वस्तू हटवायच्या, डोक्याखाली काहीतरी मऊ, हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात काहीही घालायचं नाही, जमेल तसं कुशीवर वळवायचं, आणि पाच मिनिटांच्या वर गेली तर तातडीची वैद्यकीय मदत. आणि हे सगळं चालू असताना बाकीच्या मुलांची नजर दुसरीकडे वळवायची, कारण शुद्धीवर आल्यावर त्याचे कपडे ओले असतील तर ते सगळ्यांनी बघितलंय हे त्याला कळता कामा नये. व्हीलचेअरवरच्या मोठ्या मुलाला टॉयलेटला न्यायचं तर एकटीने उचलायला गेलं की कंबर जाते, आणि अंगाला हात लावायच्या आधी "आता मी हे करतेय" असं त्याला सांगायचं असतं, त्याला बोलता येत नसलं तरी, किंबहुना म्हणूनच. कोणीही करू शकतं असं वाटत असेल तर शिकून या आणि करा, माणसं कमीच आहेत.

आता संशोधनाचा मुद्दा, इथे जरा थांबते कारण तो अर्धा खरा आहे आणि अर्ध्या खऱ्या गोष्टीनेच जास्त नुकसान होतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ पासून काही वर्षं एक मोठा अभ्यास झाला, लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचे पीटर ब्लॅचफोर्ड आणि त्यांचे सहकारी, सुमारे ८,२०० विद्यार्थी. ज्या मुलांना मदतनिसांची जास्त मदत होती त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झालेली दिसली, आधीची पातळी आणि विशेष गरजा हिशेबात धरूनसुद्धा. मेसेजवाले इथे थांबतात. अभ्यास करणारे थांबले नव्हते, त्यांनी कारण शोधलं, आणि ते मदतनिसांच्या नालायकीत सापडलं नाही, त्यांना कसं वापरलं जातं त्यात सापडलं. सगळ्यात जास्त गरज असलेल्या मुलाला मदतनिसाच्या हवाली करायचं आणि शिक्षकाने बाकीच्या वर्गाकडे वळायचं, म्हणजे ज्याला शिक्षकाची जास्त गरज त्यालाच शिक्षक कमी मिळणार. वर दोघांना एकत्र बसून नियोजन करायला वेळ नाही, मदतनिसाला धडा कळणार तो मुलाबरोबरच, आयत्या वेळी.

त्याच्याही आधी, १९९७ मध्ये, अमेरिकेत मायकल जियानग्रेको आणि सहकाऱ्यांनी लिहिलं होतं की मोठं माणूस सतत चिकटून बसलं की मूल वर्गमित्रांपासून तुटतं, परावलंबी होतं, आणि शिक्षकही "तो माझा विद्यार्थी" असं मानणं सोडतात. हे मला तंतोतंत पटतं, माझ्या हातूनही झालंय. पण त्याचं उत्तर मदतनीस काढून टाका असं नाही. इंग्लंडच्याच एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशनने २०१५ मध्ये मार्गदर्शन काढलं, त्यात म्हटलंय की नीट आखलेला कार्यक्रम, त्याचं प्रशिक्षण, आणि एकेका मुलाबरोबर किंवा छोट्या गटात ठराविक वेळ काम, असं असेल तर मदतनिसांमुळे मुलांची साधारण ३ ते ४ महिने जास्तीची प्रगती दिसते. माणसं त्याच प्रकारची, काम देण्याची पद्धत वेगळी. म्हणजे ज्या संशोधनावर बोट ठेवून त्यांना नावं ठेवली जातायत ते खरं तर आम्हा शिक्षकांना आणि शाळा चालवणाऱ्यांना जाब विचारतंय.

"शिकवतात ते शिक्षक" ह्यावर फार लिहीत नाही. मी आखते, त्या रोज शंभर वेळा करून घेतात, आणि ह्या मुलांच्या बाबतीत शिकणं शंभराव्या वेळेला होतं. माझ्याशिवाय त्यांचं अडेल, त्यांच्याशिवाय माझं.

राहिला सेवेचा मुद्दा, आणि ह्याचा मला मनापासून राग येतो. सेवा म्हटलं की माणसाला कंबर नसते, भूक नसते, सुट्टी नसते असं आपण धरून चालतो. मी पूर्वी जिथे काम करायचे तिथे एका ताईंना सकाळपासून दुपारपर्यंत स्वतः टॉयलेटला जाता यायचं नाही कारण त्यांच्या जागी दोन मिनिटं उभं राहायला कोणी नव्हतं, आणि वर्षाअखेरीस त्यांना गुलाबाचं फूल आणि "त्यागमूर्ती" लिहिलेलं कार्ड मिळालं. त्यांनी ते जपून ठेवलं, मी बघितलंय, म्हणून फुलाला कमी लेखत नाही. पण त्यांना हवा होता बदली माणूस, वजन उचलायचं प्रशिक्षण, मुलाच्या आजाराची माहिती आधी मिळणं, आणि महिन्याचा पूर्ण पगार, सुट्टीतला कापून न घेता. कौतुक कशाला असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हे की ठीक आहे, फूल राहू द्या, हे चार द्या.

आणि पाचवं, मीटिंगमध्ये खुर्ची. मुलाचा वैयक्तिक आराखडा, म्हणजे त्याला काय आणि कसं शिकवायचं ते, ठरतो तेव्हा शिक्षक, थेरपिस्ट, पालक सगळे असतात, आणि दिवसभर त्याच्याबरोबर असणारी बाई बाहेर दुसऱ्या मुलांना सांभाळत असते. मागच्या वेळी मी हट्टाने ताईंना बसवलं आणि त्यांच्या जागी दुसरं कोणीतरी उभं केलं. सुरुवातीला त्या काही बोलल्या नाहीत, वही मांडीवर. आम्ही सगळे बोलत होतो की हा मुलगा स्वतःहून काहीच मागत नाही, तर सुरुवात कुठून करायची. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मागतो की. पाणी हवं असलं की बाटलीवर दोनदा टिचकी मारतो, बाहेर जायचं असलं की माझ्या ओढणीचं टोक धरतो." स्पीच थेरपिस्टने पेन खाली ठेवलं. आईने विचारलं, कधीपासून? ताईंनी वही उघडली आणि तारीख सांगितली.