बैल उभा असला तरी कडबा खातो

ऑगस्ट २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात गावच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. आपल्या नौदलाची जहाजं येमेनच्या बाजूला ठेवायला रोज अमुक इतके कोटी जातात, तेवढ्यात वर्धा जिल्ह्यातल्या सगळ्या शेतकऱ्यांचं कर्ज फिटेल. आकडा इथे देत नाही, कारण तो कुठून आला हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. त्याखाली माझ्या धाकट्या भावाने लिहिलं होतं, ‘लोकाइच्या भांडनात आपली जहाजं कायले? समुद्र पाह्यला कोनं आपल्या गावात?’ त्याला तीसेक अंगठे पडले होते.

मी तेव्हा इकडे जर्मनीत, ब्रेमनमध्ये, चार नंबरच्या ट्राममध्ये होतो. फायराबेंड झालेला, म्हणजे दिवसाचं काम संपलेलं, डोकं रिकामं, अशा वेळी माणसाने फोन बघू नये. घरी पोचेपर्यंत माझं उत्तर तीन स्क्रीन लांब झालं होतं.

भावाचं डोकं फिरायला कारण होतं, हे आधीच कबूल करतो. १९ ऑगस्टपासून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही काळापुरतं काढून टाकलं. पऱ्हाटी अजून पात्या-फुलांवर, बोंडं धरायची आहेत, आणि बाहेरच्या गाठी बिनकराच्या उतरणार. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव कागदावर क्विंटलला ८११० रुपये. व्यापारी काय देईल ते दिवाळीला कळेल. त्याच आठवड्यात बातम्या होत्या की उदयगिरी आणि हिमगिरी या दोन नव्या युद्धनौका २६ तारखेला विशाखापट्टणमला नौदलात दाखल होणार. अशा सात जहाजांचा तो प्रकल्प ४५ हजार कोटींच्या घरातला. हे सगळं एकाच हप्त्यात वाचल्यावर वावरात उभा असलेला माणूस काय म्हणणार? पण ‘समुद्र पाह्यला कोनं’ हे वाक्य मला झोंबलं. मी पाहिला होता ना. माझं तर पोटच त्यावर चालतं.

माल-वाहतुकीच्या एका कंपनीत मी जहाजांची वेळापत्रकं लावतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून गॅलक्सी लीडर हे जहाज पळवलं, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत आमच्या पडद्यावरचे सगळे ठिपके सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालायला लागले. एका फेरीला दहा ते चौदा दिवस जास्त. मी भावाला लिहिलं, तू ज्या डीएपी खताच्या पोत्यासाठी मागच्या वर्षी रांगेत उभा होतास, ते पोतंही याच रस्त्यात अडकलं होतं. तांबड्या समुद्रातल्या संकटामुळे डीएपीची आयात रखडली हे २०२४ मध्ये सरकारने स्वतः सांगितलं. पोटॅश तर आपल्याकडे जवळजवळ सगळं बाहेरून येतं, त्यातलं बरंचसं जॉर्डन आणि इस्रायलमधून. मग समुद्राशी आपला संबंध नाही कसा?

त्याचं उत्तर आलं, ‘जहाजं पाठवून बी डीएपी भेटलंच नाई न दादा. भेटलं तं लिंकिंगमंधी. एक पोतं पायजे तं दोन बाटल्या घे म्हने.’

लिंकिंग म्हणजे हव्या खताबरोबर नको तो मालही गळ्यात मारणं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी इतिहासात शिरलो.

१८६१. अमेरिकेत यादवी पेटली, लिंकनच्या आरमाराने दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. हिंगणघाटच्या कापसाचं नाव लिव्हरपूलच्या बाजारात घेतलं जाई. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरपर्यंत आली, ती काही आपल्याला यात्रेला जाता यावं म्हणून नाही. तेव्हा बाबारे, दूरच्या समुद्रात परक्यांची जहाजं उभी राहिली आणि वणा नदीच्या काठावर माड्या चढल्या, असं मी मोठ्या झोकात लिहिलं. (१८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला आणि कर्ज काढून पेरणाऱ्यांचं काय झालं, ते लिहिलं नाही. मजकूर आधीच लांबला होता.)

इथे ब्रेमनच्या बाजारचौकाजवळ कापूस बाजाराची जुनी इमारत आहे. संस्था १८७२ ची. मी आलो त्या पहिल्या हिवाळ्यात तिच्यापुढे उभं राहून फोटो काढला आणि बाबांना पाठवला. बाबा तेव्हा होते. त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, ‘भाव काय चालू हाये म्हनते तिथं?’

वाद मात्र सुटत नव्हता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पुन्हा लिहायला बसलो. खर्चाबद्दल बोलायचं तर जरा इकडे बघा, असा सूर. जर्मनीत सैन्य बाहेर पाठवायचं तर संसदेची परवानगी लागते, आणि सरकार जो ठराव मांडतं त्यातच जास्तीत जास्त किती सैनिक जाणार आणि वरखर्च किती येणार हे लिहिलेलं असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्राच्या मोहिमेला मंजुरी घेताना सातशे सैनिक आणि वर्षाला साधारण साडेपाच कोटी युरो असा हिशेब मांडला होता. तो कुणालाही वाचता येतो. याला म्हणतात लोकशाही, असं मी लिहिलं. खरंच लिहिलं. आता वाचताना कानशिलं गरम होतात.

कारण त्याच मोहिमेवर गेलेल्या हेसेन या जर्मन युद्धनौकेने २६ फेब्रुवारीला चुकून अमेरिकेच्याच ड्रोनवर दोन क्षेपणास्त्रं सोडली, आणि दोन्ही वाटेत पडली म्हणून तो ड्रोन वाचला. हे मी गाळलं. असल्या एका क्षेपणास्त्राची किंमत वीस लाख डॉलरच्या आसपास असते आणि समोरचा हुथींचा ड्रोन काही हजारांत बनतो, हेही गाळलं. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे त्याच वर्षी पुढे बाडेन-व्युर्टेमबर्ग ही जर्मन युद्धनौका गोव्याला थांबून परत निघाली तेव्हा तिला तांबड्या समुद्रातून न आणता आफ्रिकेला वळसा घालून घरी आणलं. तोफा असलेलं जहाज आमच्या कंटेनरवाल्यांच्या मागे मागे केपवरून! टागेसशाऊत, म्हणजे इथल्या टीव्हीवरच्या बातम्यांत, ते बघून मी एकटाच हसलो होतो. गावच्या ग्रुपवर मात्र जर्मनीचं हसं कशाला करायचं?

आपल्या नौदलाबद्दल जे लिहिलं त्यात लपवाछपवी नव्हती. भारत तांबड्या समुद्रातल्या अमेरिकेच्या मोहिमेत गेला नाही. आपली जहाजं एडनचं आखात आणि अरबी समुद्रात स्वतंत्रपणे राहिली. डिसेंबर २०२३ पासूनच्या पहिल्या शंभर दिवसांत एकवीस जहाजं आळीपाळीने, पाच हजारांवर माणसं. मार्चमध्ये रुएन हे पळवलेलं जहाज आपल्या किनाऱ्यापासून २६०० किलोमीटरवर गाठून, चाळीस तासांच्या कारवाईत पस्तीस चाचे शरण आणले, सतरा खलाशी जिवंत सोडवले. त्यात एकही भारतीय नव्हता, तरी मला अभिमान वाटला. अभिमान दुरून जास्त वाटतो, हेही खरं. गावात राहून माणूस आधी विजेच्या लाइनीची वेळ बघतो.

एवढ्यात पोळा आला, आणि मला वाटलं मला हवा तो दाखला सापडला. युद्धनौका समुद्रात पाठवल्यावर जो खर्च दिसतो त्यातला मोठा भाग ती गोदीत उभी असली तरी होतच असतो. पगार, देखभाल, सुटे भाग. बाहेर पाठवल्याने वाढतं ते इंधन, यंत्रांची झीज, भत्ते, आणि डागला तर दारूगोळा. शिवाय एक जहाज तिथे सतत ठेवायचं तर तीन हाताशी लागतात. एक जागेवर, एक येण्याजाण्यात नाहीतर सरावात, एक दुरुस्तीला. म्हणून लिहिलं, ‘बैल गोठ्यात उभा असला तरी कडबा खातोच. वखराला जुंपला तर ढेप थोडी जास्त घालावी लागते, एवढंच. आज पोळा आहे. आपल्या जोडीला विचार.’

लिहून फार बरं वाटलं. आपण अजून तिथलेच आहोत, असं.

पाच मिनिटांनी भावाचं उत्तर आलं, यावेळी ग्रुपवर नाही, एकट्याला. ‘दादा, जोडी दोन वर्सं झाले इकली. तुले फोनवर सांगतलं होतं. आता ट्रॅक्टर भाड्यानं सांगतो.’

सांगितलं होतं. आठवलं मला. मी तेव्हा पेनी या इथल्या दुकानात काउंटरवर होतो, मागे रांग, एका हातात पफांडची, म्हणजे रिकाम्या बाटल्या परत दिल्याच्या पैशांची, चिठ्ठी. ‘बरं केलं, परवडत नाही आता’ असं म्हणून फोन ठेवला. जोडीतल्या डाव्या बैलाचं नाव मीच ठेवलं होतं.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. हेसेन निघाली त्या दिवसांत जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, शाळेचे संडास दुरुस्त करायला पैसे नाहीत आणि लढाऊ जहाजं पाठवायला आहेत. शब्दाला शब्द माझ्या भावाचं बोलणं, फक्त जर्मनमध्ये. मी काय केलं? मान हलवली. ‘येनाऊ’, म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणालो आणि कचऱ्याची पिवळी पिशवी घेऊन खाली उतरलो. कर मी इथे भरतो, ती जहाजं माझ्या कराची आहेत, पण इथे मला मत नाही आणि जिन्यात वाद घालायची छातीही नाही. तिकडे मतदार यादीत नाव आहे की कटलं ते मी बघितलेलं नाही. तरी छाती फुगवून लिहितो ते तिकडच्याच लोकांना.

आणि काकूंचं.

आमच्या घरामागे राहणाऱ्या काकूंचा मुलगा मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत ऑइलर आहे. गावातून समुद्रावर गेलेला तो पहिलाच. त्याच्या कोर्सपायी दोन एकर गहाण पडलं. जानेवारी २०२४ मध्ये त्याचं जहाज बाब-एल-मंडेबमधून, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून, जाणार होतं. कुणीतरी काकूंना सांगितलं की मी जहाजं बघायचं काम करतो. त्यांचा फोन आला, ‘काऊन रे बाबू, तुह्या तिकून दिसते का त्याचं जहाज?’

दिसतं, म्हणालो. आणि खरंच रोज रात्री जेवणानंतर मी तो नकाशा उघडून बसायचो. प्रत्येक जहाज आपण कुठे चाललो ते यंत्रावर लिहून पाठवतं. त्या दिवसांत कितीतरी जहाजांनी गावाचं नाव काढून त्या जागी लिहिलं होतं, ‘सगळे खलाशी चिनी’. कुणी लिहिलं होतं, ‘इस्रायलशी संबंध नाही’. दारावर लिंबू-मिरची टांगावी तसं. चिंचोळ्या भागाच्या अलीकडे बऱ्याच जहाजांची यंत्रं बंद होत आणि ठिपका नाहीसा होई. त्याचाही झाला. काकूंचा आवाज आला तेव्हा मी म्हणालो, हो काकू, आत्ताच पाहिलं, बरोबर चाललंय. समोर रिकामं निळं पाणी होतं. त्याच आठवड्यात, २६ जानेवारीला, मार्लिन लुआंडा या तेलाच्या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. बावीस खलाशी भारतीय. आग विझवायला आपली आयएनएस विशाखापट्टणम ही युद्धनौका गेली. ती जवळ होती म्हणून गेली. जुलै २०२५ मध्ये मॅजिक सीज आणि इटर्निटी सी ही दोन जहाजं बुडवली गेली तेव्हा जवळपास कुणाचीच युद्धनौका नव्हती, आणि दुसऱ्या जहाजावरची माणसं मेली.

ठिपका दुसऱ्या दिवशी दुपारी एडनच्या आखातात उगवला. तो मुलगा आता घरी आहे, पुढच्या बोलावण्याची वाट बघतोय. काकूंनी त्या फॉरवर्डला अंगठा दिला होता. मी नाव बघितलं. दोन एकर अजून सुटलेलं नाही.

भावाला हे काही मी लिहिलं नाही. ग्रुपवर माझा शेवटचा मुद्दा तसाच लोंबकळत राहिला. मग कुणीतरी सोयाबीनवरच्या येलो मोझॅक रोगाचा फोटो टाकला आणि चर्चा तिकडे वळली, जहाजं बाजूला पडली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. इथे सकाळ होती, मी कॉफी घेऊन बाल्कनीत उभा होतो. भावाने फोटो पाठवला. त्याचा चार वर्षांचा पोरगा टोपी घालून अंगणात उभा, हातात दोरी, दोरीला चाकं लावलेला लाकडी नंदी. एक शिंग मोडलेलं. तो माझा. ते शिंग मी दुसरीत असताना ओट्यावरून पाडून मोडलं होतं. त्याला यंदा नवा निळा रंग दिलाय, गळ्यात बेगड.

खाली भावाने लिहिलं होतं, ‘हा उभा राहून कडबा खात नाई, दादा.’