बिअरचं बारसं

आधीच सांगते, म्हणजे निम्म्या कमेंट्स वाचतील. मी इंग्लंडात, केंट परगण्यात राहते. इथे १९६३ सालापासून स्वतःपुरती बिअर घरी करायला लायसन्स लागत नाही, फक्त ती विकायची नाही. महाराष्ट्रात असं करणं बेकायदेशीर आहे, तेव्हा "ताई, रेसिपी इनबॉक्स करा" असं कोथरूडहून लिहू नका. आणि ज्या मावश्या-काकवांना धक्का बसला असेल त्यांच्यासाठी: मध्ययुगात इथे एल (बिअरचाच एक प्रकार) करणं हे मुख्यतः बायकांचंच काम होतं. ब्रूस्टर हे इंग्रजी आडनाव म्हणजे मुळात बिअर करणारी बाई. मी परंपराच पाळतेय.

आता मुद्दा. गेल्या शनिवारी एका ओळखीच्या घरी गेलो होतो. त्यांनी नुकतंच हे खूळ घेतलंय. फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यात, वर्ट (धान्याचं गोड पाणी) ओतून जेमतेम दोन दिवस झालेले, अजून फेस वर येतोय, आणि टेबलावर लेबलं छापून तयार. सोनेरी अक्षरांत 'महाराजा मॉन्सून आयपीए' (म्हणजे इंडिया पेल एल), शेजारी हत्ती. मी विचारलं, हॉप्स (कडूपणा आणि वासासाठी घालतात ती फुलं) कुठले घातलेत? म्हणाले, "किटमध्ये होते ते."

अहो, आपल्यात बारसं बाराव्या दिवशी करतात. पाचवी पुजायच्या आत पाळण्यावर नावाची पाटी कसली लावताय?

हे मी शहाणपणाने बोलत नाही, हात पोळून बोलतेय. माझ्या पहिल्या बिअरचं नाव करायच्या आधीच ठरलं होतं: 'सह्याद्री'. चाळीस लेबलं, निळ्या डोंगररांगा, सगळं हौसेनं. रेसिपीत उकळीच्या सुरुवातीला ४० ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स घालायचे होते. दुकानात गोल्डिंग्ज संपले होते, म्हणून मी तेवढ्याच वजनाचे मॅग्नम आणले. हॉप्स ते हॉप्स! गोल्डिंग्जमध्ये अल्फा ॲसिड ५ टक्क्यांच्या आसपास असतं, माझ्या मॅग्नमच्या पाकिटावर १३ छापलं होतं. कडवटपणा येतो तो याच ॲसिडमधून, तास-तासभर उकळल्यावर. म्हणजे २० लिटरमध्ये जिथे साधारण २५ आयबीयू (कडूपणाचं माप) कडूपणा यायचा तिथे ६५ च्या घरात गेला. एका मित्राने घोट घेतला, लेबलाकडे बघितलं आणि म्हणाला, "कड्यावरून पडल्यासारखं वाटतंय खरं." नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. उरलेल्या बाटल्या गोगलगायींच्या सापळ्यांत गेल्या. त्यांची काही तक्रार आली नाही.

तर हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, भांगेच्या कुळातली. मादी वेलीची फुलंच घेतात. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी असते, ल्युप्युलिन, त्यात कडूपणा आणि वास दोन्ही साठलेले. उकळीच्या सुरुवातीला घातलेल्या हॉप्सचं काम आमटीतल्या मिठासारखं: जाणवलं पाहिजे, दिसायला नको. त्यांतली वासाची तेलं तासाभरात वाफेबरोबर निघून जातात. वास हवा असेल तर हॉप्स शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घालायचे, किंवा गार झाल्यावर, फर्मेंटरमध्येच. वरून कोथिंबीर भुरभुरतो तसे. त्यामुळे कडूपणासाठी मी अल्फाचा आकडा बघते, हिशेब करते, विषय संपवते. त्यात कविता करण्यासारखं काही नाही.

खरी निवड वासाची. आणि तिथे आपण मराठी माणसं, निदान मी, एक वर्ष वाया घालवलं. कॅटलॉगात लिहिलेलं असतं: ग्रेपफ्रूट, पॅशनफ्रूट, लीची, पाइन. आपण मान डोलावतो. पाइनचा वास कसा असतो हे मला फरशी पुसायच्या औषधावरून माहीत!

मागच्या उन्हाळ्यात आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली. ती पीत नाही, पण तिला मीठ घातलंय की नाही हे वासावरून कळतं. मी तिच्या तळहातावर कॅस्केड हॉप्स चोळले. तिने हुंगलं आणि पटकन म्हणाली, "पपनसाचं साल." ग्रेपफ्रूट-ग्रेपफ्रूट वाचत मी वर्षभर चाचपडत होते आणि उत्तर आमच्या परसात होतं! फगल नावाचा हॉप हुंगून म्हणाली, माळ्यावरची लाकडी पेटी, आत जुन्या साड्या. सिट्राला तिने बराच वेळ घेतला. "पिकलेला पेरू आहे," म्हणाली, आणि मग जरा नाक वाकडं करून, "आणि मांजर." मी हसले, नंतर शोधलं तर ती शंभर टक्के बरोबर निघाली. सिट्रा, सिमको अशा हॉप्समध्ये गंधकाची काही संयुगं असतात. अगदी लेशमात्र असली तर फळाचा वास देतात, प्रमाण वाढलं की बोक्याने कोपरा धरल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या चुकीतून मात्र मला आईही वाचवू शकली नाही, कारण तेव्हा ती आली नव्हती. सोराची एस नावाचा हॉप आहे, जपानच्या सापोरो कंपनीने १९८४ मध्ये काढलेला. कॅटलॉग म्हणतो लिंबू. मी ६० ग्रॅम फर्मेंटरमध्ये टाकले. लिंबू होतं. त्याच्या मागून शेपूही आला. जुडीच्या जुडी. मला लहानपणापासून शेपूचं वावडं, आणि हातात शेपूच्या चाळीस बाटल्या. पण या वेळी लेबल आधी छापलं नव्हतं, म्हणून प्रामाणिकपणे मार्करने 'शेपू' असं लिहिलं. गंमत म्हणजे तीच बिअर लोकांनी मागून नेली! नाव वाचून माणूस शेपूचीच अपेक्षा ठेवून पितो आणि शेपूच मिळतो, मग वर लिंबू मिळालं की खूश. तीच 'हिमालयन लेमन' म्हणून दिली असती तर सगळ्यांनी तोंडं वाकडी केली असती.

या शेपूचं मूळही आमच्याच परगण्यातलं आहे. सोराची एसच्या वंशात ब्रूअर्स गोल्ड हा वाण आहे. तो केंटमधल्या वाय कॉलेजात अर्नेस्ट सॅमन या प्राध्यापकाने कॅनडातल्या मॅनिटोबाच्या रानटी वेलीपासून तयार केला, आणि १९३४ मध्ये तो लागवडीला मिळाला. त्या काळच्या इंग्रज ब्रूअरांना असला अमेरिकी उग्र वास आवडत नसे. आज त्याच वासासाठी दुपटीने पैसे मोजतात.

आणि बारशाच्या बाबतीत हॉप्स काढणारे लोक आपल्यापेक्षा धीराचे. कॅस्केडचं बीज १९५६ सालचं, ओरेगनमधल्या सरकारी संशोधनातलं. घराण्यात आमचा फगलच. पण कॅस्केड हे डोंगराचं नाव घेऊन तो बाजारात आला १९७२ मध्ये. तोवर सोळा वर्षं तो नुसता ५६०१३ होता. सिट्रा आधी एचबीसी ३९४ होता. लावा, तोडा, वाळवा, बिअर करून बघा, नाक मुरडलं तर उपटून टाका. टिकला तर नाव. आपल्याला दोन आठवडे थांबवत नाही.

थांबायचं कारण नुसतं शिस्तीचं नाही. तळहातावरचा वास आणि ग्लासातला वास एक नसतो. यीस्ट नुसती साखर खात बसत नाही, हॉप्समधल्या तेलांचंही रूप बदलते. जिरॅनिऑल हे गुलाबाच्या अंगाचं तेल, त्यातलं काही ती सिट्रोनेलॉलमध्ये बदलते आणि वास लिंबाकडे झुकतो. म्हणजे पोर कुणाच्या वळणावर गेलंय हे बाटली उघडल्याशिवाय आई-बापालाही सांगता येत नाही. तिथे तुम्ही बारा दिवस आधी हत्ती छापून बसलात.

हत्तीवरून आठवलं. आपण भारतीय म्हणून प्रत्येक आयपीएला बॉम्बे, महाराजा, मसाला चिकटवायलाच हवं का? त्या नावातला 'इंडिया' म्हणजे गिऱ्हाइकाचा पत्ता. इथली फिकी, जास्त हॉप्सची एल जहाजाने तिकडच्या साहेबांसाठी जायची. समुद्रप्रवासात टिकावी म्हणून मुद्दाम शोधून काढली ही गोष्ट पबमध्ये ऐकायला छान आहे, पण खरी नाही. तशी एल आधीपासून होत होती, आणि सैनिकांसाठी पोर्टर नावाची काळी बिअरही बोटी भरभरून जात होती. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव छापील स्वरूपात सापडतं ते १८२९ मध्ये, आणि कुठे, तर सिडनीच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत! देवांची नावं तर सोडूनच द्या. खंडोबाला बाटलीवर बसवून मग फेसबुकवर भांडत बसायला मला वेळ नाही.

त्यापेक्षा मला 'बिटर' हे नाव आवडतं. ब्रूअर मंडळी आपल्या वहीत पेल एल लिहीत राहिली, पिणाऱ्यांनी काउंटरवर 'बिटर द्या' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव टिकलं. प्यायल्यावर जे तोंडातून निघालं ते.

म्हणून आता माझा शिरस्ता असा: माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) एकच, मॅरिस ऑटर. (केंब्रिजजवळच्या ट्रम्पिंग्टनमधल्या मॅरिस लेनवरून हे नाव पडलं, ही बार्ली काढणारी संशोधन संस्था तिथे होती, आणि मॅरिस पायपर बटाटाही त्याच संस्थेतला. म्हणजे आमच्या घरचा बटाटेवडा आणि त्याच्याबरोबरचा ग्लास एकाच गल्लीतले.) एका खेपेला हॉप एकच. चार जातींची मिसळ करून 'कॉम्प्लेक्स' म्हणणाऱ्यांनी खुशाल करावं, पण कुठला हॉप काय बोलतो हे कळल्याशिवाय ती मिसळ म्हणजे गोंगाट. उघडलेलं पाकीट हवा काढून फ्रीझरमध्ये, नाहीतर तीन महिन्यांनी मोज्यांचा वास येतो आणि त्याला कुठलंच नाव शोभत नाही. फर्मेंटरवर चिकटपट्टी, तिच्यावर फक्त आकडा. बाटलीत भरून दोन आठवडे झाले की चार माणसं बोलवायची, कुणाला काही सांगायचं नाही, आणि पहिला घोट घेतल्यावर कोण काय म्हणतं ते कान देऊन ऐकायचं.

अशी मिळालेली नावं: पपनस, शेपू, माळा, आणि एक 'बोका', जी सिट्राची होती आणि आईचं भाकीत खरं करून गेली. नवरा म्हणतो ही काय बिअरची नावं आहेत, हे तर दाराशी आलेल्या भाजीवाल्याचं ओरडणं वाटतं.

सध्या जिन्याखालच्या कपाटात १४ नंबर आहे, निव्वळ ईस्ट केंट गोल्डिंग्ज, सह्याद्रीची परतफेड म्हणून. आईचा दर रविवारी सांगलीहून फोन येतो. "चौदावं कसं आहे गं?"

"अजून बुडबुडे येतायत."

"मग नको घाई करू. झाकण उघडून सारखं बघत जाऊ नकोस."