तुंगध्वज राजाची शुगर

मी शिरा खाल्ला. खाल्ला म्हणजे जिभेला लावला. वाटाण्याएवढा. पण रविवार रात्रीपासून आमच्या बी विंगेत मी 'चोरून वाटीभर शिरा हाणणारा माणूस' झालोय, आणि आज गुरुवार उजाडला तरी माझा राग उतरलेला नाही. साखर उतरते हो, राग नाही उतरत.

मागची हकिकत थोडक्यात सांगतो. फेब्रुवारीत ऑफिसच्या तपासणीत माझी तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी म्हणतात ती) ८.६ टक्के निघाली. साडेसहाला मधुमेहाची वेस लागते. मी वेस ओलांडून थेट चावडीवर जाऊन बसलो होतो. गोळी सुरू झाली, भात आटला, चहातली साखर गेली आणि ताटात डावीकडे काकडीचं राज्य आलं. पहिला महिना झोकात गेला. नवे बूट घेतले, घरात कौतुक झालं, मुलीने फ्रिजवर तक्ता चिकटवला. दुसऱ्या महिन्यात तक्त्याचं एक टोक सुटलं. तिसऱ्या महिन्यात त्यावर गॅसवाल्याचा नंबर लिहिलेला मला दिसला.

उत्साह टिकवायचा कसा, हे कुणी सांगत नाही. दारू सोडलेल्या माणसाला 'घे रे एक पेग, देवाचा आहे' असं कुणी म्हणत नाही. जिलबी सोडलेल्याला मात्र सगळं गाव म्हणतं, 'एकाने काय होतंय?' वर ते 'एक' प्रत्येकाचं वेगळं असतं. चौदा घरांचं मिळून चौदा होतं, हा हिशोब माझ्याशिवाय कुणी मांडत नाही.

त्यात परीक्षाही अशी की घोकंपट्टी चालत नाही. उपाशीपोटीचा आकडा आदल्या रात्री शहाण्यासारखं जेवून जरा तरी सावरता येतो. तीन महिन्यांचा आकडा फितूर होत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात आपण काय दिवे लावले ते अंगावर गोंदवून घेतात. म्हणजे गणपतीतले मोदक दिवाळीत बोलतात.

आणि ते चालणं. पावसाळ्यात डोंबिवलीत बाहेर चालायचं म्हणजे मधुमेहाऐवजी हाडवैद्य गाठायचा, म्हणून मी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये चालतो. एका फेरीची ६४ पावलं. दहा हजार करायची तर दीडशेच्या वर फेऱ्या. पहिल्या वीस फेऱ्यांना वॉचमन उठून उभा राहायचा, आता तो मान फिरवून झोपतो. ही दहा हजारांची टूम कुठून आली ते मी एका रात्री चिडून शोधलं. जपानमध्ये १९६५ साली पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच मुळी 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. खोक्यावर शोभणारा गोल आकडा! त्यापायी मी डोंबिवलीत दोन स्कुटी आणि एका बंद पडलेल्या अल्टोभोवती प्रदक्षिणा घालतोय.

तर रविवार. गच्चीवर सोसायटीचा श्रावणातला सत्यनारायण. शनिवारीच माझा नवा रिपोर्ट आला होता, ७.१. साडेआठावरून सातावर! सहा महिन्यांची भाकरी आणि काकडी त्या दीड टक्क्यात होती. कुणाला तरी सांगायचं होतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, येताना कोथिंबीर आण." म्हणून गच्चीवर शेजारच्या खुर्चीत दुसऱ्या मजल्यावरचे काका दिसले तेव्हा मी त्यांना सांगितलं. इथेच चुकलो.

"माझा बावीस वर्षांचा," काका म्हणाले. "तुझा?"

"सहा महिने."

"म्हणजे अजून प्रोबेशनवरच की रे!"

काका रेल्वेतून निवृत्त झालेत. त्यांच्या लेखी सगळं सिनियॉरिटीने चालतं.

"सात पॉइंट एक आलीय," मी म्हटलं.

"अरे वा! मग आता शिरा चालेल."

"काका, शिरा खाल्ला नाही म्हणून सात आलीय."

"तेच म्हणतोय. जागा झाली ना आता."

पोटात जागा होते तशी रक्तातही होते, ही कल्पना मला तोवर सुचली नव्हती. काकांनी मग खालच्या आवाजात आपली पद्धत सांगितली. लग्न असेल तर गोळी अर्धी जास्त. मुंज असेल तर रात्रीचं जेवण रद्द. बारशाला काहीच नाही, बारशाला मिळतात घुगऱ्या. "आणि प्रसाद मोजायचाच नाही. बावीस वर्षांत एकदाही प्रसादाला नाही म्हटलं नाही मी."

"डॉक्टर काही म्हणत नाहीत?"

"दोन बदलले."

बोलता बोलता त्यांनी उजवा पाय जरा पुढे घेतला. पायात सॅंडल आणि सॅंडलमध्ये पांढरी पट्टी. पट्टीचा आकार कुठेतरी चुकत होता. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"अंगठा गेला मे महिन्यात. पण त्याचा शुगरशी संबंध नाही. चप्पल चावली होती. मला कळलंच नाही, आठवडाभर."

मी काही बोललो नाही. गुरुजी चौथ्या अध्यायावर आले होते.

ही कथा लहानपणापासून ऐकत आलोय, पण मधुमेही कानांनी प्रथमच ऐकत होतो. साधुवाण्याची लेक कलावती नवरा आल्याच्या आनंदात प्रसाद न घेता धावत सुटते, आणि नौकेसकट नवरा गडप. पाचव्यात तुंगध्वज राजा. बिचारा शिकारीहून येतो, गोपांनी आणून दिलेला प्रसाद घेत नाही, तर शंभर पुत्र आणि सगळं वैभव जातं. गर्वाने घेतला नाही, असं गुरुजी म्हणतात. त्याची शुगर कुणी पाहिली होती? राजा माणूस, बैठं काम, दोन्ही वेळा पक्वान्न. मला तर त्याच्या वागण्यात आहारतज्ज्ञाचा हात दिसतो.

आरती झाली आणि काकांच्या काकू द्रोणांचं ताट घेऊन आल्या. आधी तीर्थ. पंचामृतातल्या पाचांपैकी मध आणि साखर अशी दोन अमृतं माझ्या फ्रिजवर लाल शाईत आहेत, तरी घेतलं. मग शिरा. रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा. म्हणजे मुदीत जेवढा रवा तेवढीच साखर, आणि तिच्यावर साक्षीला तुळशीचं पान.

"काकू, नुसता कण द्या. मला आहे ना..."

"अरे, केळं घातलंय त्यात. केळं म्हणजे फळ. फळ चालतं ना तुला?"

"काकू..."

"मग गुळाचा केला असता, आधी सांगायचंस. गूळ चालतो."

गूळ म्हणजे मळकट कपड्यातली साखरच, हे मी सहा महिन्यांत चाळीस जणांना सांगितलं असेल. एकेचाळिसाव्याला सांगायची ताकद नव्हती. मागे रांग थांबलेली. "घे रे, देवाला नाही म्हणतोस?" असं कुणीतरी बोललं. काकूंनी अख्खी मूद माझ्या हातावर ठेवली. त्यातला वाटाण्याएवढा मी जिभेला लावला आणि बाकीची कागदात बांधून खिशात घातली, वॉचमनला द्यायला. दिलीही. तो साक्षीदार आहे, पण त्याला कोण विचारतंय.

घरी पोचलो तर बायको फोन ठेवत होती.

"वाटीभर खाल्लास म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"काकू. म्हणाल्या, लक्ष ठेव त्याच्यावर. नाही नाही म्हणत सगळा घेतला, वर खिशातही भरला. ह्यांचं बघतेस ना काय झालं, म्हणाल्या."

म्हणजे काकूंना कळत होतं! अंगठा का गेला ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मूद त्यांच्याच हातची. भरवायचं पुण्य त्यांच्या खात्यावर आणि खाण्याचं पाप माझ्या. ७.१चा रिपोर्ट टेबलावर उघडा पडला होता, त्याच्यावर कोथिंबिरीची जुडी.

खिशातला तुपाचा डाग अजून गेलेला नाही.

काल संध्याकाळी पार्किंगमध्ये चालत होतो. काका गेटपाशी खुर्ची टाकून, पट्टीचा पाय स्टुलावर ठेवून बसले होते.

"किती झाल्या?"

"चाळीस."

"शिऱ्याच्या मानाने कमीच," म्हणाले. मग खिशात हात घालून श्रीखंडाची एक गोळी काढली. "धर. चालताना एकदम उतरते, जवळ असावी. मी कायम ठेवतो."

मी घेतली. वर पाहिलं, तर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत काकू उभ्या होत्या.